अभिलेख न्यायालय आणि तिऱ्हाईत

राज्यघटनेच्या २१५व्या अनुच्छेदाने प्रत्येक उच्च न्यायालयाला एक बिरुद दिले आहे : अभिलेख न्यायालय. इंग्रजीतल्या 'कोर्ट ऑफ रेकॉर्ड' या जुन्या संज्ञेचा हा मराठी अवतार. सर्वोच्च न्यायालयाला तेच बिरुद १२९व्या अनुच्छेदाने मिळाले. या संज्ञेत तीन गोष्टी येतात. अशा न्यायालयाचे कामकाज कायमच्या स्मरणासाठी नोंदून ठेवले जाते; त्या नोंदीच्या खरेपणाबद्दल दुसऱ्या न्यायालयात शंका घेता येत नाही; आणि आपल्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार या न्यायालयाला असतो. यातली तिसरी गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली. पहिली मात्र विस्मरणात गेली.

दुसरा शब्द कोर्टाच्या आवारात रोज ऐकू येतो : तिऱ्हाईत. जो वादी नाही, प्रतिवादी नाही, ज्याचे वकीलपत्र प्रकरणात दाखल नाही, तो तिऱ्हाईत. इतिहासाचा अभ्यासक, वार्ताहर, शेजारच्या गावचा धरणग्रस्त, कुतूहल असलेला नागरिक हे सगळे न्यायालयाच्या लेखी तिऱ्हाईतच. राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयात जे अभिलेख साठत जातात, त्यांवर या तिऱ्हाईताचा हक्क किती, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

महजरापासून लॉ रिपोर्टपर्यंत

आपल्याकडे न्यायाचा कागद ही नवी गोष्ट नव्हे. मराठेशाहीत गोतसभेने वतनाच्या तंट्याचा निवाडा केला की महजर लिहिला जाई. वादी-प्रतिवादींची कैफियत, पुरावा, झालेला निर्णय हे सगळे त्यात येई आणि हजर असलेल्यांची नावे लागत. लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या होत. पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल होई. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात मराठ्यांच्या न्यायपद्धतीचे जे चित्र उभे केले, ते मुख्यतः अशा कागदांच्या आधारे. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जातीच्या आणि वतनाच्या उतरंडीवरच उभी होती. पण निवाडा कोणासमोर झाला हे निवाड्याच्याच कागदावर लिहिलेले असे, आणि तो कागद जिंकणाऱ्याच्या घरी जपला जाई. राजवाड्यांसारख्या संशोधकांना वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून कागद मिळाले, त्याचे एक कारण हे.

इंग्रजी अंमलात कागद घरातून कचेरीत गेला. २६ जून १८६२च्या सनदेनुसार स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाचे काम १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. सर मॅथ्यू सॉसे हे पहिले सरन्यायाधीश. त्याच वर्षीच्या सुरुवातीला, जुन्या सुप्रीम कोर्टात, याच सॉसेंसमोर 'महाराज लायबल केस' चालली होती. करसनदास मुळजींवरच्या त्या अब्रुनुकसानीच्या दाव्यातल्या साक्षी वर्तमानपत्रांतून छापून आल्या, पुस्तकरूपानेही निघाल्या, आणि सगळ्या मुंबईने त्या वाचल्या. जून २०२४ मध्ये याच खटल्यावरच्या चित्रपटाचे प्रदर्शन गुजरात उच्च न्यायालयाने काही दिवस रोखून धरले आणि चित्रपट पाहून परवानगी दिली. एकशे बासष्ट वर्षांपूर्वीच्या न्यायालयीन कामकाजावर आज चित्रपट निघू शकतो, वाद होऊ शकतो, कारण त्या वेळी कोणीतरी ते लिहून घेतले आणि छापले.

१८७५च्या कायद्यानंतर, १८७६पासून 'इंडियन लॉ रिपोर्ट्‌स'ची मालिका सुरू झाली. त्यातली मुंबईची मालिका आजही वकिलांच्या कपाटात असते. पण लॉ रिपोर्ट म्हणजे अभिलेख नव्हे. कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढे निवडून संपादक छापतो. रखमाबाईंचा खटला याचे ठळक उदाहरण आहे. दादाजी भिकाजींनी वैवाहिक हक्कांसाठी लावलेला दावा न्या. पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये फेटाळला. १८८६ मध्ये अपिलात तो निर्णय फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना नवऱ्याकडे जाण्याचा हुकूम दिला. न गेल्यास सहा महिन्यांची कैद होती, आणि रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. लॉ रिपोर्टमध्ये यातला कायद्याचा प्रश्न मिळतो : असा दावा भारतात चालतो की नाही. ती बाई काय म्हणत होती, हे शोधायचे तर 'टाइम्स ऑफ इंडिया'त तिने 'ए हिंदू लेडी' या नावाने लिहिलेल्या पत्रांकडे आणि वर्तमानपत्रांतल्या वादाकडे जावे लागते.

लोकमान्यांच्या १९०८च्या खटल्याचेही तसेच. न्या. दावर यांच्यासमोर तो चालला आणि २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी दोषी ठरवल्यावर सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. 'केसरी'तल्या मराठी लेखांची जी इंग्रजी भाषांतरे सरकारने कोर्टापुढे ठेवली, ती मुळाला धरून नाहीत हा त्यांच्या बचावातला एक मोठा मुद्दा होता. आज आपण तो शब्दाशब्दाने तपासू शकतो, कारण न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी खटल्याची साद्यंत हकीकत इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. एका पक्षाकडे साधने होती आणि केळकरांसारखा माणूस होता, म्हणून हा अभिलेख लोकांपर्यंत आला. ज्यांच्यामागे कोणी केळकर नव्हते अशांच्या खटल्यांचे काय, हा प्रश्न तिथेच उरतो.

न लिहिलेला हुकूम

खुल्या न्यायालयात जे बोलले गेले ते बाहेर सांगता येते का, या प्रश्नाची सर्वांत मोठी कसोटी मुंबईतच लागली. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने सप्टेंबर १९६० मध्ये छापलेल्या एका लेखाबद्दल संपादक रुसी करंजिया यांच्यावर तीन लाख रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा उच्च न्यायालयात चालू होता. न्यायाधीश होते वि. म. तारकुंडे. १९६४ मध्ये एका साक्षीदाराने तक्रार केली, की माझी आधीची साक्ष वर्तमानपत्रांत आल्याने माझ्या धंद्याचे नुकसान झाले. आता पुढची साक्ष छापू देऊ नये. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी न्यायमूर्तींनी ती विनंती मान्य केली. हा हुकूम तोंडी होता. तो लेखी द्यावा अशी विनंती झाली, तेव्हा लेखी हुकमाची गरज नाही, तोंडी हुकूमही पाळला जाईल अशी अपेक्षा आहे, असे सांगण्यात आले.

वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर आणि इतर पत्रकार आधी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे व मग थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ३ मार्च १९६६ रोजी निर्णय दिला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालात खुल्या सुनावणीचे महत्त्व जोरकसपणे सांगितले आहे. पण न्यायासाठी गरज पडल्यास प्रसिद्धी रोखण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाला आहे, आणि न्यायालयाचा असा आदेश नागरिकाच्या मूलभूत हक्काचा भंग करतो असे म्हणता येत नाही, असा बहुमताचा निष्कर्ष होता. न्या. हिदायतुल्ला एकटे वेगळे पडले. सुनावणी खुली असेल तर वार्तांकनाची मुस्कटदाबी कशाच्या आधारे, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रकरणात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, हुकूम लेखी नसल्यामुळे त्याचा अर्थ काय, बंदी कायमची की खटला चालू असेपर्यंतची, हे सर्वोच्च न्यायालयाला अनुमानाने ठरवावे लागले. ती तात्पुरतीच होती असे बहुमताने गृहीत धरले. ज्या न्यायालयाचे बिरुदच अभिलेखाचे, त्याच्या एका हुकमाचा अभिलेखच नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे, हेच तारकुंडे पुढे देशातल्या नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अग्रणी झाले. तेव्हा हा प्रश्न चांगल्या आणि वाईट न्यायाधीशांचा नाही. न्यायाच्या कामाकडे आतून पाहणाऱ्याला साक्षीदाराची अडचण आधी दिसते आणि बाहेरच्या वाचकाचा हक्क नंतर. हा बसण्याच्या जागेचा परिणाम आहे.

माहितीचा अधिकार दारापर्यंत

माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली केला होता. २००५ मध्ये देशभरासाठी केंद्रीय कायदा आला. राज्यघटनेने स्थापन केलेली प्रत्येक संस्था या कायद्यानुसार सार्वजनिक प्राधिकरण आहे. म्हणजे उच्च न्यायालयेही त्यात आली. अर्ज कशासाठी करता हे सांगण्याची सक्ती नाही (कलम ६), तीस दिवसांत उत्तर द्यायचे (कलम ७), न दिल्यास अधिकाऱ्याला रोज २५० रुपयांप्रमाणे २५ हजारांपर्यंत दंड (कलम २०), आणि इतर कायद्यांशी विसंगती आल्यास हाच कायदा वरचढ (कलम २२). पण कलम २८ने आपापल्या न्यायालयापुरते नियम करण्याचा अधिकार मुख्य न्यायमूर्तींना दिला, आणि चित्र बदलले. केंद्र सरकारच्या कचेरीत दहा रुपयांत होणारा अर्ज अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमांत एके काळी पाचशे रुपयांना पडत असे. मार्च २०१८ मध्ये 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अर्जाला सहसा पन्नास आणि पानाला पाच रुपयांहून जास्त आकारू नये, आणि अर्जदाराला हेतू विचारू नये.

प्रशासकीय बाजूच्या माहितीसाठीही बराच झगडा झाला. न्यायाधीशांनी आपली मालमत्ता सरन्यायाधीशांकडे जाहीर करावी असा ठराव सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये केला होता. त्या ठरावाचे पालन झाले का, एवढेच सुभाषचंद्र अग्रवाल यांनी २००७ मध्ये विचारले. ही माहिती आमच्या कचेरीत नाही, ती सरन्यायाधीशांकडे असते, असे उत्तर आले. माहिती आयोग अर्जदाराच्या बाजूने गेला. दिल्ली उच्च न्यायालयात न्या. रवींद्र भट यांनी २००९ मध्ये आणि मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या पूर्णपीठाने जानेवारी २०१०मध्ये तेच मत कायम ठेवले. मग सर्वोच्च न्यायालयाच्या कचेरीने सर्वोच्च न्यायालयातच अपील केले. सरन्यायाधीशांचे कार्यालय हे सर्वोच्च न्यायालयाचाच भाग आहे आणि म्हणून कायद्याच्या कक्षेत आहे, हा घटनापीठाचा निकाल १३ नोव्हेंबर २०१९ रोजी आला. एका साध्या अर्जाला बारा वर्षे लागली. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांच्या मालमत्तेची विवरणे सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आली.

तीन रुपयांचा स्टॅम्प

इतिहासकाराच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र प्रशासकीय माहितीचा नाही. तो दाव्याच्या आणि याचिकांच्या कागदांचा आहे, आणि त्याचा निकाल गुजरातच्या एका प्रकरणात लागला.

एप्रिल २०१० मध्ये एका नागरिकाने गुजरात उच्च न्यायालयातल्या दोन जुन्या प्रकरणांची कागदपत्रे माहिती अधिकारात मागितली. त्यांतले एक १९८९चे होते, दुसरे २००३चे. अर्जदार दोन्ही प्रकरणांत तिऱ्हाईत होता. त्याच महिन्यात उत्तर आले : नक्कल हवी असेल तर स्वतः किंवा वकिलामार्फत, तीन रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, प्रतिज्ञापत्रासह उच्च न्यायालयाच्या १९९३च्या नियमांप्रमाणे अर्ज करा. त्या नियमांत पक्षकाराला नक्कल मागता येते; तिऱ्हाईताला मात्र कारण सांगावे लागते आणि न्यायालयाचा आदेश मिळवावा लागतो. माहिती आयोगाने २०१३ मध्ये कागद द्या असे सांगितले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आयोगाचा आदेश रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि ४ मार्च २०२० रोजी न्या. आर. भानुमती, न्या. ए. एस. बोपण्णा व न्या. हृषीकेश रॉय यांच्या पीठाने उच्च न्यायालयाची बाजू उचलून धरली.

निकालाचे सूत्र असे : न्यायालयीन बाजूची कागदपत्रे उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागावीत; माहितीचा अधिकार प्रशासकीय बाजूपुरता. नियमांत आणि कायद्यात विसंगती नाही, फक्त पद्धत वेगळी आहे. म्हणून कलम २२ लागू होत नाही. पक्षकारांनी दाखल केलेले कागद न्यायालयाकडे विश्वस्त म्हणून असतात, आणि त्यांत लोकांच्या खाजगी गोष्टी असतात. शिवाय अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि स्टॅम्प ही पद्धत अगदी सोपी आहे.

यातल्या विश्वस्ताच्या मुद्द्याला वजन आहे. घटस्फोटाच्या, मुलांच्या ताब्याच्या, लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतले कागद कोणीही उचलून न्यावेत असे कोणी म्हणणार नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या प्रकरणांबाबत कडक निर्देश दिले, ते याच काळजीतून : नावे वगळावीत, निकाल संकेतस्थळावर टाकू नयेत, कागद फक्त संबंधित वकिलांना पाहू द्यावेत. पण ते निर्देश एका विशिष्ट प्रकारच्या प्रकरणांसाठी होते. गुजरातच्या नियमाने पाटबंधाऱ्याच्या जमिनीचे प्रकरण आणि नवरा-बायकोचे प्रकरण एकाच कुलपात ठेवले.

'पद्धत सोपी आहे' हा मुद्दा मात्र पटत नाही. दोन्ही वाटांतला फरक पैशाचा नाही. तीन रुपये दहापेक्षा कमीच आहेत. एका वाटेवर नागरिक मागतो आणि न देण्याचे कारण अधिकाऱ्याने द्यायचे असते. दुसऱ्या वाटेवर नागरिकाने मागण्याचे कारण द्यायचे असते. पहिल्या वाटेवर तीस दिवसांची मुदत, दंड आणि बाहेरचा आयोग आहे. दुसऱ्या वाटेवर ज्याच्याकडे कागद आहे तोच मागणी योग्य की अयोग्य ते ठरवतो. अहमदाबादेतल्या वकिलाला हे जड नाही. भूज किंवा डांगमधल्या माणसाला, किंवा पन्नास प्रकरणे चाळून एखाद्या धरणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला, प्रत्येक प्रकरणात प्रतिज्ञापत्र करून आदेश मिळवणे म्हणजे काम सोडून देणेच.

परदेशातही तिऱ्हाईताला मोकळे रान नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली ॲस्बेस्टॉसच्या एका मोठ्या उत्पादक कंपनीवरचा दावा सहा आठवडे चालला आणि निकालाआधीच तडजोडीत मिटला. ॲस्बेस्टॉसने आजारी पडलेल्यांच्या संघटनेने त्या दाव्यातले कागद मागितले. जुलै २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असे कागद देण्याचा अंगभूत अधिकार न्यायालयाला आहे. अर्जदाराने कारण सांगावे, आणि त्यातून खुल्या न्यायाचा हेतू कसा साधतो हे दाखवावे. म्हणजे कारण तिथेही विचारतात. पण अर्ज तोलण्याची कसोटी काय, हे तिथे लिहून ठेवले आहे : लोकांना न्यायालयाचे काम समजावे आणि न्यायालयावर लोकांची नजर राहावी. आपल्याकडच्या निकालात कारण मागण्याचा अधिकार आहे, पण ते कारण कशाच्या काट्यावर तोलायचे हे नाही.

ब्रिटनच्या त्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट कळते. जो दावा तडजोडीत मिटतो, त्याचे निकालपत्रच नसते. तिथे कागदपत्रे हाच सगळा अभिलेख.

उरलेले कागद

गेल्या दहा वर्षांत आपली न्यायालये पूर्वी कधी नव्हती इतकी उघडी झाली आहेत, हे मान्य केले पाहिजे. निकालपत्रे फुकट वाचता येतात. ऑक्टोबर २०२०मध्ये सुनावणीचे थेट प्रक्षेपण सुरू करणारे देशातले पहिले उच्च न्यायालय गुजरातचेच. म्हणजे आज सुनावणी घरबसल्या पाहता येते आणि निकाल वाचता येतो. पण ज्या याचिकेवर ती सुनावणी झाली आणि ज्या प्रतिज्ञापत्रांवर तो निकाल उभा आहे, ती मागायची तर पुन्हा तिऱ्हाईत. सरकारने कोर्टात शपथेवर काय सांगितले, हे बहुतेक वेळा निकालातल्या दोन-चार ओळींवरूनच जोखावे लागते.

शिवाय हे कागद कायम थांबत नाहीत. १९१७च्या अभिलेख नष्ट करण्याच्या कायद्याने जुने कागद निकाली काढण्याचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना दिला आहे. जागा अपुरी असते, कागदांची वर्गवारी होते, काही कायम ठेवतात, बाकीचे मुदत संपली की जातात. कायम कोणते ठेवायचे हे कायद्याच्या गरजेने ठरते. रखमाबाईंच्या प्रकरणात पाहिलेच, की कायद्याला महत्त्वाचे आणि इतिहासाला महत्त्वाचे या दोन वेगळ्या गोष्टी असतात. गिरणी संपातल्या कामगारांच्या याचिका, झोपडपट्टी हटवण्याविरुद्धची प्रतिज्ञापत्रे, कूळकायद्याची भांडणे : विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा इतिहास यांत आहे, आणि तो साध्या माणसांनी शपथेवर सांगितलेला आहे.

यावर उपाय कठीण नाही, आणि त्याचे सूत्र माहितीच्या अधिकारातच आहे. कलम ८च्या तिसऱ्या पोटकलमानुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनांच्या माहितीला, काही मोजके अपवाद सोडले तर, गोपनीयतेचे संरक्षण उरत नाही. हेच तत्त्व उच्च न्यायालये आपल्या नियमांत आणू शकतात. निकाली निघून वीस वर्षे झालेली प्रकरणे, कौटुंबिक आणि लैंगिक गुन्ह्यांची वगळून, कारण न विचारता पाहू द्यावीत. चालू प्रकरणांत किमान सरकारने दाखल केलेली प्रतिज्ञापत्रे तरी खुली असावीत, कारण सरकारला खाजगी आयुष्य नसते. आणि कागद नष्ट करण्यापूर्वी त्यांची यादी प्रसिद्ध करून पुराभिलेखागाराला व विद्यापीठांना विचारावे. यासाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही. नियम बदलण्याचा अधिकार उच्च न्यायालयांकडेच आहे.

पेशवे दफ्तर इंग्रजांनी अभ्यासकांपासून कित्येक वर्षे दूर ठेवले, याचा सल मराठी संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या बोलून दाखवला. शेवटी गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले, आणि अठराव्या शतकाचा इतिहास नव्याने लिहिता आला. ते दफ्तर परक्या सरकारच्या ताब्यात होते, तरी जळाले नाही, म्हणून उशिरा का होईना उघडता आले. उच्च न्यायालयांच्या अभिलेख कक्षांतले दफ्तर आपल्याच राज्यघटनेच्या छत्राखाली आहे. त्यातले किती कागद उघडण्याच्या दिवसापर्यंत टिकतील, हे आज कोणते नियम होतात त्यावर ठरणार आहे.